पत्र्या-खिळ्यांच्या माळावर मेटल डिटेक्टर: वापरानंतरचा अनुभव

मशीन मधल्या किमतीचं, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलं, आता पुढचा पावसाळा आला. वापर सगळा आटपाडी तालुक्यात, मामांच्या पडीक माळावर. तिथं पूर्वी खिल्लार बैलांचा बाजार भरायचा आणि बैलांच्या खुरांना पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारणारेही तिथंच बसायचे. मशीनचा कस बघायला याहून अवघड जागा शोधून सापडायची नाही.

मशीन किती खोलवरचं शोधतं याचा खोक्यावर लिहिलेला आकडा विसरा. आपला मुरूम बेसॉल्टचा, त्यात मॅग्नेटाइट. खात्री करायची तर दोरीला चुंबक बांधून ओढ्याच्या वाळूतून ओढा, काळी भुकटी मिशीसारखी चिकटून येते. मशीनला आधी ही माती ऐकू येते, धातू नंतर. रुपयाएवढं नाणं मला इथं चार-पाच इंचांपलीकडं कधी मिळालं नाही. म्हणून घेताना खोलीचा आकडा बघू नका, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज गप्प करणं, हातानं करता येतो का ते बघा. धातू नसलेल्या जागी कॉइल (दांड्याच्या टोकाची शोधायची चकती) वर-खाली करत घुरघुर थांबेपर्यंत जुळवायचं, आणि मुरमावरून ओघळीच्या काळ्या मातीत उतरलात की पुन्हा तेच. नुसत्या फॅक्टरी सेटिंगवर चालणारं मशीन या भागात म्हणजे पैसे पाण्यात. एवढं करूनही काही काळे धोंडे वाजतातच.

खिळा बहुतेक वेळा एकाच दिशेनं वाजतो, आपण काटकोनात फिरून पुन्हा कॉइल नेली की आवाज तुटतो. तांबं-चांदी दोन्हीकडून सारखी वाजते. फसवते ती पत्री. आहे लोखंडच, पण चपटी, त्यामुळं मशीनवर धातू ओळखायचा आकडा थेट तांब्याचा दाखवते. कॉइल जरा उचलून हळूहळू सरकवत नेली की कडेला लोखंडाची घरघर लागते. ती ओळखायला कान तयार होईपर्यंत हिवाळा उजाडला आणि डालडाचा जुना डबा पत्र्यांनी भरला. मामी विचारते, "भंगारवाल्याला हाक मारू का रं?"

गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी वैताग आणते. पण तिचे आकडे मशीनवर बंद केले तर सोन्याचा बारीक मणीही गेला, दोन्ही एकाच पट्टीत वाजतात.

शेजारच्या डाळिंबाच्या बागेच्या कुंपणाला विजेची झटका मशीन आहे. ती चालू असली की हेडफोनमध्ये एकसारखं टक टक. सेन्सिटिव्हिटी उतरवली तर खोली आणखी घटते. आता त्यांना विचारून दिवसा तेवढा वेळ बंद ठेवून घेतो.

सापडलं काय? घुंगरं, गाडीच्या चाकाची खीळ, आणि भोकाचे पैसे, 1943 ते 1947 मधले, युद्धात धातू वाचवायला मधे भोक पाडलेले. एकाच्या भोकात मुरमाचा खडा घट्ट बसला होता, टाचणीनं काढला तेव्हा वरचा मुकुट दिसला. मशीनचं खरं मोल मात्र भुईमुगाच्या भांगलणीत कळलं. शेजारच्या वहिनींचं चांदीचं जोडवं पडलं होतं. मोकळं रान, ना पत्री ना खिळा, दुसऱ्याच सरीत खणखणीत आवाज आला. रोटाव्हेटरचे पडलेले बोल्टही असेच मिळाले.

बांधावरून जाणारा हटकून विचारतो, "हंडा घावला का?" गुप्तधनाचा बोभाटा झाला तर निस्तरता येत नाही, म्हणून पोलीस पाटलांच्या कानावर आधीच घातलं. आणि जमीन घरची असली तरी 1878 चा निखात निधीचा कायदा आहेच: पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवलं तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. किल्ले, जुनी देवळं, संरक्षित स्मारकं यांच्या आसपास मशीन पिशवीतूनही काढू नका.

बाकी बांधणी ठीक. हाताच्या आधाराचा बोल्ट सारखा ढिला होतो. कॉइलला कव्हर घालाच, मुरूम खरवडून काढतो. उन्हाळ्यात खणणं म्हणजे पहार लागते, पावसाळा सरताना जमीन ऐकते, पण तेव्हा कुसळं मोज्यातून आरपार. खड्डा मात्र बुजवायचाच, माळावर मेंढरं चरतात.

पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, वेगळा घ्यावा लागला. तो नसता तर मुठीएवढ्या ढेकळात नाणं शोधत बसलो असतो. खिळ्यांच्या गर्दीत मोठी कॉइल दोन-तीन वस्तूंचा आवाज एकत्र करते, म्हणून आता लहान कॉइल घेणार. मशीन विकणार नाही, भांगलणी सुरू झाल्या की वस्तीवरून फोन येतातच.