शेर्बूरची 'रदुताब्ल' : गोदीतल्या माणसाच्या नजरेतून

मुलगी पॅरिसला असते. आयफेल टॉवर झाला, आता कुठे जायचं म्हणाली, तर मी म्हटलं शेर्बूर, तिथल्या बंदरात 'रदुताब्ल' ही जुनी अणुपाणबुडी बघायला ठेवली आहे. सां-लाझार स्टेशनवरून गाडीने तीन तासांहून थोडं जास्त. माझगाव डॉकमध्ये वेल्डिंगला तीस वर्षं काढलीत. आमच्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांचं डिझाइन फ्रान्सच्या नेव्हल ग्रुप कंपनीचं, आणि त्यांची पाणबुड्यांची गोदी शेर्बूरलाच. व्याह्यांचं घर एकदा बघून यावं, तसं ते.

'सिते द ला मेर' हे म्युझियम जुन्या आगबोटींच्या टर्मिनलमध्ये आहे, १९३३ सालची देखणी इमारत. तिकीट मुलीने काढलं आणि आकडा सांगितला नाही, यावरून काय ते समजा.

बाहेर कोरड्या गोदीत 'ल रदुताब्ल' बसवली आहे. लांबी १२८ मीटर, आमच्या कलवरीच्या जवळपास दुप्पट. १९६७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यासमोर पाण्यात उतरली, १९७१ ते १९९१ कामावर होती. फ्रान्सची ही पहिली क्षेपणास्त्रवाहू अणुपाणबुडी. पॅरिस वाचवायला अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावेल का, असा द गॉल यांचा सवाल होता. त्याचं पोलादी उत्तर बघायला आपण जिना चढतो.

आत १६ क्षेपणास्त्रांच्या नळ्या दोन ओळींत उभ्या. माणूस त्यांच्यामधून देवळातल्या खांबांमधून जावं तसा जातो, आवाज आपोआप खाली येतो. अणुभट्टीचा भाग कापून काढून त्याजागी रिकामी पोलादी नळी बसवली आहे. एवढ्या व्यासाचा जोड कसा घेतला असेल, म्हणून मी रंगाच्या थराखाली सीम दिसते का ते शोधत राहिलो. नाही दिसली. मागे शाळेची पोरं 'पार्दों, पार्दों' करत खोळंबली होती.

बोटीला माणसांचे दोन संच, निळा आणि तांबडा. एक आला की दुसरा जाणार. साधारण सत्तर दिवस पाण्याखाली. घरचे आठवड्याला मोजके शब्द पाठवू शकत, पण बोटीवरून उत्तर नाही, कारण उत्तर पाठवलं की ठावठिकाणा कळला. हे ऐकून आमची ही म्हणाली, "अहो, तुमची रात्रपाळी परवडली."

खरं तर हे सगळं पाळीचंच काम आहे. १९७२ पासून फ्रान्सची अशी निदान एक बोट कायम समुद्रात असते. आता ब्रेस्टजवळच्या इल लाँग तळावर चार आहेत. गोदीतल्या माणसाला पुढचं गणित सांगावं लागत नाही: एक बाहेर, एक नुकतीच आलेली, एक निघायच्या तयारीत, एक मोठ्या दुरुस्तीला. मार्च २०२५ मध्ये मॅक्रॉन म्हणाले की युरोपातल्या मित्रदेशांच्या संरक्षणासाठी या अण्वस्त्रांची चर्चा सुरू करू, पण निर्णय फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचाच राहील. जुलैमध्ये ब्रिटनबरोबर अण्वस्त्रांच्या समन्वयाचा जाहीरनामाही निघाला. म्हणजे छत्रीखाली शेजाऱ्यांना बोलवायचं, दांडा आपल्याच हातात. पोलंडच्या माणसाने यावर किती विसंबावं? द गॉल यांनी अमेरिकेला विचारलेला प्रश्न तो आता पॅरिसला विचारणारच. मला वाटतं, एकाच देशापुरतं बेतलेलं हे कापड आहे, फार ताणलं तर उसवेल. जावई म्हणतो, शत्रूला शंका आली तरी काम झालं. असेलही.

जाणाऱ्यांसाठी: ऑडिओ गाइड घ्याच, त्याशिवाय नुसते पाइप दिसतील. दारं बुटकी आणि अरुंद, गुडघे दुखत असतील तर विचार करून जा. पाच वर्षांखालच्या मुलांना पाणबुडीत सोडत नाहीत. टायटॅनिक १९१२ मध्ये इथे थांबली होती, त्याचं दालन हिला पाणबुडीपेक्षा जास्त आवडलं. खायचं बरोबर न्या; बाहेर एका ठिकाणी शाकाहारी म्हणून सांगितलेल्या सूपमध्ये हॅमचे तुकडे निघाले.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या न दिसलेल्या सीमचा कापला.

नव्या पिढीच्या बोटीचा पहिला पत्रा मार्च २०२४ मध्ये याच गावात कापला गेला. परतताना धक्क्यावरून गोदीच्या दिशेने बघत उभा राहिलो होतो, पण गाडी चुकेल म्हणून हिने दंडाला धरून ओढलं.