करवंटी, तूस की लाकडाचा भुसा? आधी गॅस कुठला ते सांगा

झाडांच्या कचऱ्यापासून बनवलेल्या मालाने हवेतला गॅस पकडायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो करवंटी बरी की तूस, पण मला विचाराल तर आधी पकडायचाय काय ते ठरवा, कारण टोल्युइनच्या (थिनरमधलं एक सॉल्व्हंट) वाफेला जे चालतं ते अमोनियाला चालेलच असं नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तर साधा कोळसा धरतच नाही. तिथे हवा खेळती ठेवणं आणि मुळात धूर कमी करणं हाच इलाज.

नुसता सुकवून दळलेला भुसा किंवा चिपाड गॅससाठी घेऊ नका. पाण्यातले रंग, जड धातू थोडेफार धरतो म्हणून लोकांना वाटतं हवेतही चालेल, पण गॅस धरणारी बारीक छिद्रं त्यात जवळपास नसतातच. (लाकडाच्या ढलप्यांचे बायोफिल्टर असतात ते वेगळं प्रकरण, तिथे वास जिवाणू खातात, ढलप्या फक्त त्यांचं घर.)

मग उरले दोन, बायोचार आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन (वाफेने किंवा रसायनाने छिद्रं वाढवलेला कोळसा).

बायोचार म्हणजे कमी ऑक्सिजनमध्ये साधारण 400 ते 700 अंशांवर भाजलेला कचरा. बनवायला सोपा, छिद्रं मात्र कमी. तरी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असेल तर मी आधी हाच बघेन, कारण यातली राख अल्कधर्मी असते, थोडा ओलावा असला की गॅस त्यात विरघळतो आणि पुढे त्याचं गंधक नाहीतर सल्फेट होतं. म्हणजे इथे दमटपणा चक्क कामाचा. अमोनियाला बरोब्बर उलटं, त्याला आम्लधर्मी पृष्ठभाग लागतो, म्हणून कमी तापमानाचा बायोचार किंवा फॉस्फोरिक ॲसिडने तयार केलेला कार्बन घ्यायचा.

पेंट, सॉल्व्हंटच्या वाफा असतील तर ॲक्टिव्हेटेड कार्बनला पर्याय नाही. त्यातही करवंटीचा कडक, राख कमी, छिद्रं बहुतेक 2 नॅनोमीटरपेक्षा लहान, ग्रॅममागे 1000 चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग सहज मिळतो, त्यामुळे वाफ अगदी थोडी असली तरी धरून ठेवतो आणि कणांचा चुराही होत नाही. पहिल्या महायुद्धात गॅस मास्कसाठी अमेरिकेत 1918 मध्ये लोकांकडून पीच फळाच्या बिया गोळा केल्या होत्या, त्यामागचं कारण हेच, कठीण कवच म्हणजे दाट कोळसा. लाकडाच्या भुश्याचा कार्बन मऊ आणि छिद्रं रुंद, मोठे रेणू पटकन आत जातात पण हवेच्या झोताखाली पूड पडते. तुसाचं दुखणं म्हणजे राख, वजनाच्या 15 ते 20 टक्के आणि जवळपास सगळी सिलिका, ती काढायला अल्कलीने धुवा आणि मग त्या अल्कलीच्या पाण्याचं काय करायचं ते बघत बसा! तूस फुकट पडून असेल तर बायोचारच करा त्याचा.

फॉर्मल्डिहाइडसाठी मात्र करवंटीवर विसंबू नका. हा रेणू लहान, उकळतो उणे 19 अंशाला, साध्या कार्बनवर टिकतच नाही, अमाइन लावलेला माल लागतो. पाऱ्याच्या वाफेला गंधक किंवा आयोडीन लावलेला.

खरेदी करताना विक्रेता आयोडीन नंबर (कार्बन किती आयोडीन धरतो तो आकडा) तोंडावर फेकेल, पण ती चाचणी द्रवातली आहे, गॅससाठी ब्युटेन किंवा सीटीसी (कार्बन टेट्राक्लोराइड) ॲक्टिव्हिटी, म्हणजे त्यांची वाफ किती धरतो ते विचारा. हवेतली आर्द्रता 50-60 टक्क्यांच्या वर राहत असेल तर सॉल्व्हंटच्या वाफांसाठी आधी हवा कोरडी करायची सोय बघा, नाहीतर छिद्रांत पाणीच बसतं. आणि कीटोन जातीची (ॲसिटोनसारखी) सॉल्व्हंट असतील तर बेडचं, म्हणजे कार्बनच्या थराचं, तापमान मोजायची सोय हवीच, ती कार्बनवर ऑक्सिडाइझ होऊन तापतात आणि अशा बेडना आगी लागलेल्या आहेत.

भरलेला माल कुठे जाणार तेही आत्ताच ठरवा. सॉल्व्हंटवाला वाफेने पुन्हा मोकळा करता येतो, नुसतं गंधक धरलेला स्वच्छ बायोचार तपासून मातीत जाऊ शकतो, पारावाला मात्र धोकादायक कचरा म्हणूनच द्यावा लागतो.