क्लच दाबलेला असतानाही म्हणे ‘क्लच दाबा’: सातपूरच्या गॅरेजचा अनुभव

मी रोज नाशिकहून सिन्नरला, मुसळगाव एमआयडीसीत हिशेबाच्या नोकरीला जाते. गाडी २०१९ची, पेट्रोल, बटण-स्टार्ट. पावसाळ्यात एका सकाळी बटण दाबलं तर डॅशबोर्ड सांगतोय, ‘क्लच दाबा’. अहो, दाबलाय की! सीट पुढे घेतली, दोन्ही पाय लावले, शेवटी पेडल पाच-सहा वेळा हापशासारखं हाणलं तेव्हा कुठे गाडी चालू झाली. मग ते रोजचंच झालं. ऑफिसचे वॉचमनकाका संध्याकाळी माझी कसरत बघायला मुद्दाम थांबायचे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात (नाव घेत नाही) आधी म्हणाले, बॅटरी बदला. बॅटरी आठ महिन्यांची! मग स्टार्टर मोटर आणि “क्लच पण उघडून बघू” असं साडेअठरा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला का, तर “चेक लाइट नाहीये ना मॅडम.”

शेजारच्या काकूंनी सातपूरचं हे गॅरेज सांगितलं. पत्र्याची शेड, दोन गाड्यांची जागा, बसायला एक प्लास्टिकची खुर्ची. दादांनी बॉनेट उघडलंच नाही. विचारलं, “ताई, अजून काय काय चालत नाही?” मला आठवलं, शिर्डीला जाताना समृद्धीवर क्रूझ कंट्रोल (अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडीचा वेग कायम ठेवणारी सोय) लागलं नव्हतं. माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. “हे आधी सांगायचं ना!” म्हणाले. स्टार्ट करताना गाडीला कळावं लागतं की पाय क्लचवर आहे, आणि क्रूझला कळावं लागतं की पाय क्लचवर नाही. दोघांना खबर देणारा सेन्सर एकच. तो गडबडला की दोघंही रुसतात.

स्कॅनर लावल्यावर कोड निघाला पी ०८०५, म्हणजे क्लच पोझिशन सेन्सरचं सर्किट. मला आत बसवून पेडल दाबायला लावलं. पेडल किती दाबलंय ते सांगणारा स्क्रीनवरचा आकडा ११ टक्क्यांवर ढिम्म. त्यांनी खाली हात घालून सेन्सरला टिचकी मारली, तर एकदम ८०च्या वर उडी! मला वाटलं, झालं, सापडलं. पण दादांनी सेन्सर लगेच मागवला नाही. प्लग काढून मीटर लावला: ५ व्होल्ट येतायत, अर्थिंग ठीक. उंदरांनी कुरतडली नाही ना म्हणून सिग्नलची वायर गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत तपासली. पिना साफ करून पुन्हा बघितलं, आकडा तसाच अडकलेला. मग मुंबईला पार्टसाठी फोन केला.

माझ्या धाकट्या दिरांचा सल्ला होता, “वहिनी, दोन वायरी जोडून टाका, बायपास.” दादांना विचारलं तर चिडलेच. हा साधा स्विच नाही, आणि असता तरी गाडी गिअरमध्ये असताना बटण दाबलं तर ती समोरच्या भिंतीवर जाईल, म्हणाले. दिरांना हे जसंच्या तसं कळवलं आहे.

दुसऱ्या दिवशी काम अर्ध्या तासात झालं. माझ्या गाडीत हा सेन्सर क्लचच्या मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबलं की क्लचचं तेल पुढे ढकलणारा भाग) बाहेरून बसतो, आतल्या पिस्टनवरच्या चुंबकावरून पेडल कुठे आहे ते ओळखतो. त्यामुळे तेल काढायची भानगड नाही. नवीन बसवून स्कॅनरने पेडलची वरची-खालची जागा शिकवली. सेन्सर २,३५०, स्कॅनिंग ४००, मजुरी ५००. जुना सेन्सर न मागता माझ्या हातात दिला. तीन महिने झाले, पहिल्या फटक्यात स्टार्ट. क्रूझही लागतं.

तक्रारी आहेतच. फोन सहसा उचलत नाहीत. बिल वहीच्या कागदावर, वॉरंटी तोंडी. सीटवर कव्हर न घालता बसले, ग्रीसचा डाग अजून गेलेला नाही. सकाळी अकराच्या आत जाऊ नका, शटर बंद असतं. आणि जाताना घरून जुनी चादर न्या.