एमजीबी की टीआर-६? आधी गाडीखाली वाकून बघा

इंग्लंडातल्या आपल्या मंडळींपैकी कुणी 'जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतोय' म्हणालं, की गाडी बहुतेक वेळा या दोन नावांवर येऊन थांबते. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं निघाली, पाच लाखांहून जास्त. ट्रायम्फची टीआर-६ १९७६ पर्यंत चालली, आकडा नव्वद हजारांच्या पुढे, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घरी कधी अँबॅसडर होती? मग एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर ओळखीचा चेहरा दिसेल. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं एकाच घराण्यातलं, बी-सिरीज. दोन एसयू कार्बोरेटर, ९५ अश्वशक्तीच्या आसपास, आणि ज्याला पाना धरता येतो त्याला बरंचसं काम घरी जमतं. टीआर-६ चं आपल्याशी नातं जरा लांबचं. मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेरल्ड ज्या इटालियन डिझायनर मिकेलॉटीने आखली, त्यानेच आधीची टीआर-४ आखली, आणि तिचा मधला भाग तसाच ठेवून पुढचं-मागचं रूप जर्मनीच्या कारमान कंपनीने बदललं, ती टीआर-६.

चालवायला मात्र टीआर-६ वेगळीच चीज. सहा सिलिंडर, २४९८ सीसी, ब्रिटनमधल्या गाडीला लुकासचं पेट्रोल इंजेक्शन. सुरुवातीला १५० अश्वशक्ती सांगायचे, १९७३ च्या मॉडेलपासून १२५. आवाजात एमजीबी तिच्या पासंगालाही पुरत नाही. पण या इंजेक्शनचा मूळ पंप उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये तापला की रुसतो, म्हणून बऱ्याच जणांनी बॉशचा पंप बसवलेला असतो. तसा असेल तर 'मूळ भाग नाही' म्हणून नाक मुरडू नका, सुटलात असं समजा.

खरा फरक पत्र्यात आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यातही दाराखालची सिल्स म्हणजे गाडीचा कणा. बाहेरून नवं सिल चढवलेलं आणि आत भुसा झालेला, हा प्रकार सर्रास. दार बंद करून मागच्या कडेची फट नीट बघून ठेवा. मग सिलखाली जॅक लावून ती बाजू उचला आणि पुन्हा बघा. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं, तर विकणाऱ्याला चहाबद्दल धन्यवाद म्हणून निघा. मी माझ्या पहिल्या गाडीला हे केलं नव्हतं. रंग बघून भाळलो, आणि तो हिवाळा वेल्डिंगच्या बिलांत गेला.

टीआर-६ ला स्वतंत्र चासी आहे, बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. म्हणून ती सोपी, असं वाटतं. पण मागची चाकं धरणारे ट्रेलिंग आर्म जिथे बसतात तिथे चासी आतून सडते, आणि डिफरन्शियलचे माउंट तडकतात. क्लच सोडताना मागून 'ठक्' आलं तर तेच. आणखी एक: बॉनेट उघडून, इंजिन बंद ठेवून, कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि क्रँकच्या पुलीवर नजर ठेवा. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकली तर क्रँकला मागे-पुढे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेलेत. खूपच खेळ असेल तर ब्लॉकची काळजी करायची वेळ आलीय.

सुटे भाग दोन्हींचे मिळतात, पण एमजीबीचं भाग्य थोर. विटनीचं ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून तिची अख्खी नवी बॉडी बनवतं, मूळच्या साच्यांवर. नवी बॉडी घातलेली गाडी जुनी म्हणायची का, यावर रात्रभर वाद घाला. मला विचाराल तर पुट्टीने भरलेल्या 'अस्सल'पेक्षा ती बरी. बॉडीची पावती मात्र मागून घ्या.

कुळी शोधायची तर चासी नंबरच्या प्लेटवरची (रस्त्यावर दिसते ती नंबरप्लेट नव्हे) अक्षरं वाचा. एमजीबीच्या नंबरात 'जीएचएन' म्हणजे उघडी दोन सीटची, 'जीएचडी' म्हणजे जीटी, पक्क्या छताची. 'जीएचडी' नंबराची गाडी टप काढून उभी असेल तर कुणीतरी करवत चालवलीय. टीआर-६ मध्ये 'सीपी' हे १५० वालं इंजेक्शन, 'सीआर' नंतरचं. 'सीसी' आणि 'सीएफ' कार्बोरेटरवाल्या, म्हणजे अमेरिकेकडच्या. उजवीकडे स्टिअरिंग, इंजेक्शन, आणि प्लेटवर 'सीसी'? ती समुद्र ओलांडून परत आलेली, इथे बदललेली गाडी आहे. वाईट नाही, कोरड्या हवेच्या राज्यातली असेल तर पत्रा उलट चांगला असतो. पण भाव मूळ ब्रिटिश गाडीचा देऊ नका.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून दोन्हींचं हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं: बनल्याची तारीख, मूळ रंग, कुठे पाठवली. जुन्या एमओटीवरचे (गाडीच्या वार्षिक तपासणीच्या दाखल्यांवरचे) मैलही जुळवून बघा, कारण ओडोमीटर पाच आकडी असतो आणि पुन्हा शून्यावर येतो.

चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रोड टॅक्स माफ होतो, त्यामुळे त्या बाबतीत दोघी सारख्या. भावात टीआर-६ बरीच वर. पहिलीच जुनी गाडी, गॅरेज छोटं, खिसा बेताचा असेल तर मी एमजीबीच सांगेन, तीही १९७४ च्या अखेरीनंतरची, काळ्या रबरी बंपरची. लोक तिला नावं ठेवतात, उंची वाढवल्यामुळे ती वळणावर थोडी डुलतेही, पण त्याच पैशात क्रोमवालीपेक्षा कितीतरी निरोगी पत्रा हाती लागतो. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असलेलीच बघा, नाहीतर मोटरवेवर कान किटतील. आणि सहा सिलिंडरचा तो आवाज एकदा ऐकून झोप उडाली असेल, तर हे सगळं वाचून तसाही काही उपयोग नाही. टॉर्च घेऊन टीआर-६ च्या खाली शिरा.