शिबिरातला जयपूर फूट: पाय पास, पाठपुरावा नापास

नाशिक भागात गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला कृत्रिम पाय वाटायच्या शिबिरात बऱ्याचदा एकाच घडणीचा पाय मिळतो. वर एचडीपीईचा, म्हणजे पाण्याच्या पाइपाच्या जातीच्या प्लास्टिकचा सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण) आणि नळी, खाली रबराचा जयपूर फूट. हे परीक्षण त्या पायाचं आणि तो बसवण्याच्या पद्धतीचं आहे, कुठल्या एका संस्थेचं नाही.

आधी पावलाबद्दल. १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी ते घडवलं. घोट्यात लाकडी ठोकळा, टाचेला आणि चवड्याला स्पंज रबर, वरून व्हल्कनाइझ केलेलं रबर. ते वाकतं, म्हणून मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत ओल्या ढेकळांवर, बूट घातल्याशिवाय न चालणाऱ्या महागड्या कार्बनच्या पावलापेक्षा हेच बरं. झिजतं मात्र चवड्याच्या रेषेवर. तिथे चीर पडली की पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं, स्क्रू सैल होतात आणि पाऊल टाकताना 'कट्' वाजायला लागतं. तो आवाज ऐकू आला की लगेच दाखवावं.

खरी परीक्षा सॉकेटची. स्टंपवर, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायावर, ओला मोजा चढवून कॉपिंग पेन्सिलने (ओल्यावर उमटणाऱ्या) खुणा करतात: गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध, नडगीची कड, हाडाचं टोक आणि बाहेरच्या बाजूचं बारीक हाडाचं डोकं. मग गुडघा किंचित वाकवून प्लास्टरची पट्टी गुंडाळायची आणि ते ओलं असतानाच वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरायचे. वजन तिथेच पेलायचं असतं. साच्यावर हाडांच्या जागी प्लास्टर चढवतात, मऊ जागी खरवडतात. घाईत हीच पायरी उरकली जाते. त्यामुळे पाय मिळाल्यावर पंधरा मिनिटं चालून तो काढा आणि कातडी बघा. वाटीखाली लाली आली आणि दहा मिनिटांत गेली, तर ठीक. बारीक हाडाच्या डोक्यावर किंवा नडगीच्या टोकावर लाली राहिली, तर सॉकेट तिथे गरम करून बाहेरच्या बाजूला फुगवायला सांगा. स्टंपचं टोक जांभळं पडून सुजत असेल तर ते आत अधांतरी लोंबतंय. मोजा वाढवून हा दोष जात नाही.

सूज उतरवायची पट्टी नीट बांधली तरी नवा स्टंप कित्येक महिने आटत राहतो. आज घट्ट बसलेला सॉकेट दोन-तीन महिन्यांत सैल होतो, माणूस आत फडकं कोंबतो, टोक खाली आदळतं, जखम होते आणि पाय माळ्यावर जातो. दोष पायाचा नसतो. सैल झाल्यावर यायचं कुठे, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

इथे ऑर्थोटिस्ट-प्रोस्थेटिस्टची, म्हणजे माप घेऊन कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाची, खरी कसोटी लागते. टाके ओले आहेत, साखर वाढलेली आहे, गुडघा सरळ होत नाही (खाली उशी घेऊन झोपल्याने हमखास होतं), सूज उतरलेली नाही, अशा माणसाला 'आज माप नाही, आधी आठाच्या आकड्यासारखी पट्टी आणि व्यायाम' असं सांगायची हिंमत त्याच्यात हवी. बॅनरवर 'शंभर पाय' छापून बसलेल्या आयोजकाला ते आवडत नाही. पण ज्या शिबिरातून एकही माणूस परत पाठवला जात नाही, तिथे तपासणी झालेली नसते. किंमत रुग्ण मोजतो: दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेत मागच्या तीन वर्षांत त्याच कारणासाठी मदत घेतलेली नसावी अशी अट आहे (१२ वर्षांखालील मुलांना एक वर्ष). चुकीचा पाय नोंदीवर चढला की पुढचा अर्ज अडतो. म्हणून 'पाऊल ठीक, सॉकेट नवा हवा' असं सही-शिक्क्यानिशी लिहून देणं हेही त्याचंच काम. तो शिक्का कोणाचा, तेही बघा. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याप्रमाणे या कामाला परिषदेची नोंदणी लागते. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून माप घेऊ नका.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांचं काम आधीच उरकून ठेवा. ते सोबत नेलं तरी जाताना हाफ पँट आणि रोजची चप्पल विसरू नका. टाचेची उंची बदलली की गुडघा पुढे-मागे ढकलला जातो, आणि मग सगळे 'पाय वाकडा बसवला' म्हणतात.

निघताना स्टंपवर घालायचे मोजे दोन नाही, सहा मागा, पातळ-जाड मिसळून. सुरगाण्याहून एसटीने आलेल्या माणसाला एका मोज्यासाठी परत नाशिकला यायला लावणं म्हणजे अख्खी मजुरी बुडवणं.