तादामी लाइन: पासधारकाचा अनुभव

नदीवर धुकं, कमानीचा पोलादी पूल, पुलावर एक-दोन डब्यांची छोटीशी गाडी, आणि खाली पाण्यात तिचंच प्रतिबिंब. हा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. जपानच्या फुकुशिमा प्रांतातली तादामी लाइन ती हीच. गेले बरेच महिने माझ्या पर्समध्ये तिचा पास आहे, त्यामुळे घरून फोन आला की कोणी ना कोणी विचारतंच, "त्या पुलावरून रोज जातेस?" रोज नाही जात. आणि जाते तेव्हाही पूल दिसत नाही, कारण मी त्याच्यावरच असते. तो फोटो घ्यायला मिशिमा गावाजवळच्या हायवेच्या थांब्यावर मोटार लावून टेकडीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. लोक वेळापत्रक हातात धरून तिथे उभे राहतात, गाडी मिनिटभरात पुलावरून जाते, कॅमेरे खाटखाट वाजतात आणि सगळे परत मोटारीत. तिकीट कोणीच काढत नाही. एवढी प्रसिद्ध लाइन आणि एवढी रिकामी कशी, या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या टेकडीवरच मिळतं.

माझा वापर साधा आहे. नोकरी आयझू-वाकामात्सुला आणि घर आयझू-बांगेला, कारण तिथे त्याच भाड्यात एक खोली जास्त मिळाली. मोटार नाही. भारतातलं लायसन्स इथे बदलून घ्यायला परीक्षा द्यावी लागते आणि ती मी पुढे ढकलत आले आहे. नकाशात पाहिलं तर वाकामात्सु ते बांगे अंतर काहीच नाही, पण रूळ सरळ जातच नाहीत. गाडी वाकामात्सुहून आधी दक्षिणेला निघते, निशी-वाकामात्सुनंतर पश्चिमेला वळते, होंगो आणि ताकादा घेते आणि मग उत्तरेकडे चढत बांगेला येते. खोऱ्याच्या कडेकडेने असा मोठा वळसा पडतो. २१.६ किलोमीटरला चाळीसेक मिनिटं लागतात. मोटारवाला सहकारी माझ्यानंतर निघून माझ्याआधी पोचतो आणि ते सांगायला विसरत नाही. पण त्या वळशामुळेच होंगोचे कुंभार, ताकादाची शेतं आणि निइत्सुरुच्या द्राक्षबागा अशी सगळी गावं लाइनवर आली आहेत.

सकाळच्या गाडीत मी बहुतेक वेळा एकटीच पगारदार असते. बाकी सगळी शाळकरी पोरं. कोणी केंदोची (जपानी तलवारबाजीची) काठी सांभाळतंय, कोणी उभ्याउभ्या शब्दांची कार्डं घोकतंय, दोघी-तिघी एकाच फोनमध्ये डोकं घालून हसताहेत. विद्यार्थ्यांचा पास आपल्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतो, त्यामुळे गच्च भरलेल्या डब्यातूनही उत्पन्न फारसं येत नसणार. पण या लाइनचे खरे मालक कोण, हे त्या डब्यात कळतं. उन्हाळी सुट्टी लागली की तीच गाडी इतकी मोकळी होते की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

गाडी डिझेलवर चालते. २०२० च्या मार्चपासून इथे किहा ई१२० जातीचे डबे आहेत. त्याआधी किहा ४० होते आणि जुने प्रवासी अजून त्यांची आठवण काढून उसासे टाकतात. मी त्यांत नाही. आताचे डबे उबदार आहेत, आत टॉयलेट आहे आणि चढावर इंजिनाचा फार कण्हण्याचा आवाज येत नाही. एका बाजूला चौघांच्या समोरासमोरच्या जागा, दुसऱ्या बाजूला दोघांच्या. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. जानेवारीत त्या बटणाचं महत्त्व पटतं, नाहीतर प्रत्येक थांब्यावर अख्खा डबा गार पडला असता.

गार्ड नसतो, ड्रायव्हर एकटाच सगळं पाहतो. कर्मचारी नसलेल्या थांब्यावर मागच्या दाराने चढायचं आणि दाराशी असलेल्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फलक असतो. त्यावर प्रत्येक चिठ्ठी-नंबराखाली भाडं दिसतं आणि दर स्टेशनाला ते थोडं थोडं वाढत जातं. उतरताना पुढच्या दाराशी पैशांच्या पेटीत चिठ्ठी आणि नेमके पैसे टाकायचे. पेटी उरलेले पैसे परत देत नाही. सुट्टे नसतील तर हजाराची नोट आधी त्या पेटीच्याच यंत्रात मोडून घ्यायची. पाच किंवा दहा हजारांची नोट काढलीत तर मागे रांग लागलेली असताना घाम फुटेल. टोकियोत दिवसभर टॅप करत फिरणारं कार्ड डोंगरातल्या थांब्यांवर कामाला येत नाही, त्यामुळे रोख जवळ हवीच.

आता वेळापत्रक. वाकामात्सुहून डोंगराकडे जायला सकाळी दोन गाड्या, आणि मग थेट दुपारी एकच्या सुमाराला. मधल्या वेळात काम निघालं तर बस नाहीतर टॅक्सी. बांगेपर्यंत तरी संध्याकाळी बरी सोय आहे, डोंगरातल्या कावागुची स्टेशनाच्या पुढे मात्र दिवसाला येऊन-जाऊन तीनच फेऱ्या. या लाइनवर आपल्या सोयीची गाडी बघायची नसते, गाडी बघून दिवस आखायचा असतो. महिना-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. ऑफिसातून वेळेवर निघायला तर मला याहून चांगलं कारण कधीच मिळालं नव्हतं.

पूर्ण लाइन आयझू-वाकामात्सु ते निइगाता प्रांतातलं कोइदे अशी १३५.२ किलोमीटरची आहे, पण ती एका दमात झालेली नाही. वाकामात्सु ते बांगे, म्हणजे माझा रोजचा तुकडा, सगळ्यात जुना, ऑक्टोबर १९२६ चा. दोन वर्षांनी रूळ यानाइझुला पोचले. १९४१ मध्ये मियाशितापर्यंत गेले आणि फोटोतला तो पूल याच टप्प्यातला. पलीकडच्या टोकाने कोइदे ते ओशिराकावा १९४२ मध्ये झालं. कावागुचीला गाडी यायला १९५६ उजाडलं. कावागुची ते तादामी हा पट्टा तर मुळात प्रवाशांसाठी नव्हताच. युद्धानंतर विजेची गरज वाढली, तादामी नदीवर एकामागून एक धरणं उठली, आणि तागोकुरा धरणाचं सामान वाहून न्यायला वीज कंपनीने १९५७ मध्ये स्वतःचे रूळ टाकले. धरण झाल्यावर, १९६३ मध्ये, ते राष्ट्रीय रेल्वेत आले. उरला मधला डोंगर. रोकुजूरीगोए नावाचा ६,३५९ मीटरचा बोगदा खणून १९७१ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही टोकं जोडली गेली.

जोडली गेली तेव्हा धरणं बांधून झाली होती आणि तरुण मंडळी शहरांकडे निघाली होती. १९८० च्या दशकात राष्ट्रीय रेल्वेने तोट्यातल्या कितीतरी लाइन बंद केल्या. आकडे पाहता ही पहिल्या यादीत जायला हवी होती. वाचली ती एका कारणाने: समांतर जाणारा २५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग त्या घाटात बर्फामुळे हिवाळाभर बंद असतो. पर्यायी रस्ताच नाही, तर रेल्वे बंद करणार कशी?

बर्फाने वाचवलेली लाइन पावसाने तोडली. जुलै २०११ च्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत निइगाता आणि फुकुशिमात जो पाऊस कोसळला, त्यात तादामी नदीवरचे पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन रेल्वेपूल वाहून गेले. कावागुची ते तादामी हा २७.६ किलोमीटरचा पट्टा बंद पडला तो अकरा वर्षं. तोवर तिथे बदली बस धावत होती. पुराआधी, २०१० मध्ये, त्या पट्ट्यावर सरासरी काढली तर दिवसाला ४९ प्रवासी होते. एवढ्यांसाठी पूल परत बांधायचे का, हा वाद अर्थातच रंगला. २०१७ मध्ये तोडगा निघाला. रूळ, पूल, स्टेशनं फुकुशिमा प्रांताने आपल्या मालकीची करून सांभाळायची आणि जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने त्यावर फक्त गाड्या चालवायच्या. दुरुस्तीला सुमारे ९०० कोटी येन लागले, त्यातला मोठा वाटा सरकारी. १ ऑक्टोबर २०२२ ला गाडी पुन्हा आरपार धावली.

याबद्दल माझं मत आधी वेगळं होतं. ४९ माणसांना रोज टॅक्सीने सोडलं असतं तरी स्वस्त पडलं असतं, असं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलले. माझ्या पगारातून कापल्या जाणाऱ्या रहिवासी कराचा एक भाग याच प्रांताला जातो, म्हणजे बोलायचा हक्क होताच. याच लाइनवरच्या कानेयामाकडची एक वयस्कर सहकारी शांतपणे म्हणाली, "रस्त्याचा हिशोब कोणी असा मांडत नाही." त्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. पण दुसरी बाजूही आहे. एवढा खर्च करून दिवसाला तीन फेऱ्याच असतील, तर तिथल्या माणसाने दवाखान्यासाठी, बाजारासाठी ती वापरायची कशी? रूळ वाचवले, आता फेऱ्या वाढवा, असं मला वाटतं. पानगळीच्या दिवसांत तर पर्यटकांनी डबे असे फुगतात की बसायला जागा नसते. म्हणजे मागणी अजिबात नाही असंही नाही.

सुट्टीच्या दिवशी मी पासाची हद्द ओलांडते. बांगे सोडलं की सपाटी संपते. तोदेराच्या चढावर गाडी अक्षरशः चालीवर येते आणि दोन्ही बाजूंची झाडं काचेला घासतात की काय असं वाटतं. पूर्वी तोदेराला गाडी पुढे-मागे करत चढायची, म्हणजे आपल्या घाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनसारखं. यानाइझुला उतरा. नदीवरच्या कड्यावर एन्झोजी देऊळ आहे, आणि मान डोलावणाऱ्या लाल गाईची, अकाबेकोची, कथा याच गावातली. देवळाखालच्या दुकानांत आवा-मांजू मिळतो, भरड धान्याच्या पिवळ्या आवरणात गोड डाळीचं पुरण. वाफाळताच खायचा. शाकाहारी माणसाला या भागात बिनधास्त हातात घेता येईल असा पदार्थ विरळाच, सोबा नावाच्या शेवयांच्या रश्शातसुद्धा मासळी असते.

मियाशिता मिशिमा गावातलं. तिथे डोंगरी द्राक्षवेलींच्या सालीच्या टोपल्या विणतात. किंमत ऐकून टोपली परत ठेवली, पण वीण पाहत बराच वेळ उभी होते. कावागुचीला फलाटाच्या पलीकडे लगेच नदी आहे. गाडी इथे बऱ्यापैकी थांबते, तेव्हा उतरून पाय मोकळे करा. पुढे ओशिओ गावात नैसर्गिक सोड्याची विहीर आहे, आत वाकून पाहिलं तर बुडबुडे येताना दिसतात. चव सौम्य, किंचित लोखंडी. मात्र सकाळच्या गाडीने तिथे उतरलात तर परतीची गाडी दुपारनंतरच, हे गृहीत धरा. वाटेत शेतात काम करणारी माणसं गाडीला हात करतात. पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं, कोणाला करताहेत म्हणून. आता मीही करते.

हिवाळ्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण बर्फाचे फोटो पाहून लोक जानेवारी-फेब्रुवारीची तिकिटं काढतात. बांगेपर्यंत बर्फातही बहुधा गाडी येते, उशिरा का होईना. डोंगरात तसं नाही. तादामी ते ओशिराकावा हा बोगद्याचा पट्टा जोरदार हिमवृष्टीत बंद पडतो, कधीकधी बरेच दिवस. आणि महामार्ग तर बंदच असतो, त्यामुळे तिथे बदली बसही देता येत नाही. पलीकडे हॉटेल बुक केलं असेल तर मोठा वळसा घालून जावं लागेल. आदल्या रात्री आणि सकाळी निघण्यापूर्वी, दोनदा गाड्यांची स्थिती पाहा. शरदात ओली पानं रुळांवर पडून चाकं घसरतात, तेव्हाही पुढची जोडगाडी चुकेल इतका उशीर होऊ शकतो.

रोजच्या वापराला मी पाचपैकी तीन देईन, सहलीला साडेचार. अर्धा कापला तो गर्दीच्या रविवारांसाठी.

पूर्ण प्रवास करायचा असेल तर वाकामात्सुला मुक्काम करून पहाटे सहाच्या सुमाराची गाडी धरा. दुसरी आरपार जाणारी दुपारी एकच्या आसपास असते. संध्याकाळी पाचचीही आहे, पण हिवाळ्याच्या बाजूला ती निम्म्याहून जास्त अंधारातच जाते. कोइदेला पोचायला साडेचार तास धरा. तिथून जोएत्सु लाइनने उरासा जवळच आहे आणि उरासाला टोकियोची शिंकानसेन (बुलेट ट्रेन) मिळते, म्हणजे आल्या वाटेने परत फिरावं लागत नाही. नदी कोणत्या बाजूला दिसते हे विचारू नका. तादामी नदीवर आठ पूल आहेत, ती सतत बाजू बदलते, मिळेल त्या खिडकीत बसा. डबा आणि पाणी बरोबर घ्या. गाडीत काही विकत मिळत नाही, आणि पहाटे सहाला वाकामात्सुत कोंबिनीशिवाय, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानांशिवाय, काही उघडं नसतं.