"डेक फक्त लटकवायचाय" म्हणून जुना गार्डन ट्रॅक्टर गळ्यात मारतात, सावध रहा

सोलापुरात लॉनची कामं घेणारे आपण बरेच जण आहोत, मंगल कार्यालयाची लॉन, सोसायट्या, शाळांची ग्राउंडं. त्यातले दोघं-तिघं सध्या सेकंडहँड गार्डन ट्रॅक्टर बघतायत असं कानावर आलं म्हणून हे लिहितोय. बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, खाली पोटाला ब्लेडचा डेक, म्हणजे ब्लेड बसवलेला पत्र्याचा डबा, लटकवलेला असतो ते. माझ्यासोबत जे झालं ते तुमच्यासोबत होऊ नये एवढंच.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि लॉनवाले मालक मागं लागतात, गवत वाढलंय, कधी कापताय. हे त्या डीलरला बरोबर माहीत असतं. बाहेरगावचा डीलर, जुनी इम्पोर्टेड मशीनं आणून विकतो. एक लाख पंधरा हजाराला ठरलं. व्हिडिओ पाठवला, इंजिन एका सेल्फमध्ये चालू, गिअर पडतोय, पुढं-मागं जातंय, सगळं छान. डेक बाजूला काढून ठेवलेला दिसत होता, विचारलं तर म्हणे काका गाडीत चढवायला डेक काढावाच लागतो, याच्याच जोडीचा आहे, चार पिना घातल्या की बसला. निम्मे पैसे आधी, निम्मे गाडी लोड झाल्यावर. आणि सगळे पैसे गेल्यावर मग खरा कार्यक्रम सुरू झाला.

मशीन आलं, डेक काही बसेना. मागच्या पिना गेल्या तर पुढचा रॉड पुरेना, ओढून लावला तर लिव्हर उचलल्यावर डेक पुढच्या चाकाला घासतोय. फोन केला, म्हणे जुन्या मशीनला थोडं ॲडजस्टमेंट लागतं, ब्रॅकेटची भोकं वाढवून घ्या. तसं केलं. मग इंजिनवरनं ब्लेड फिरवणारा बेल्ट उतरायला लागला, ब्लेड टाकले की घर्रर्र करून पलटी खाऊन बाहेर. म्हणे बेल्ट ढिला असेल, ओरिजनल बेल्ट मागवतो, पैसे पाठवा. पाठवले. तो बेल्ट पण थोडं गवत कापलं की धूर, जळका वास, कडा काळ्या चकचकीत. मग म्हणे टेन्शन स्प्रिंग बदला, मग म्हणे पुली बदला, प्रत्येक वेळी वेगळे पैसे. ही त्यांची पद्धतच आहे बघा. डेकच दुसऱ्या मशीनचा आहे हे सांगायचं नाही, छोटे छोटे दोष सांगत ग्राहकाला फिरवत ठेवायचं, तो थकला की आपोआप गप्प बसतो.

शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक लेथवाले अण्णा आहेत त्यांच्याकडं नेलं. उभी हयात पॉवरलूमच्या पुल्या आणि शाफ्ट बसवण्यात गेलेली, त्यांना बेल्टचं काय सांगायचं. त्यांनी बेल्टला हातच लावला नाही. एक सुती दोरी घेतली, इंजिनच्या पुलीच्या खाचेत एक टोक धरलं, दुसरं डेकच्या पुलीकडं ताणलं आणि मला म्हणले बसा खाली, बघा. दोरी सरळ जायच्या ऐवजी पाऊण इंच वरनं चालली होती. "लाईनच नाही ओ मालक, दहा बेल्ट आणा, दहाही उतरणार." मग स्क्रू ड्रायव्हरनं ब्रॅकेटजवळचा रंग खरवडला. वर हिरवा, खाली केशरी, आणि मध्ये वेल्डिंग मारून ग्राइंडरनं घासलेलं. दुसऱ्या मशीनचा डेक, लटकवायचे कान कापून नवे कान चिकटवलेले, वरनं रंग. नंबरची पट्टी असते तिथं फक्त रिव्हेटची दोन भोकं उरलेली.

सगळ्यात वाईट पुढं आहे. ब्लेड उतरवला तर स्पिंडलचं, म्हणजे ब्लेड ज्यावर बसतो त्या दांड्याचं, टोक चांदणीच्या आकाराचं आणि ब्लेडचं भोक साधं गोल, मधली जागा वॉशर घालून भरलेली. हे लक्षात घ्या, ब्लेडचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरत असतं. तसला ब्लेड सुटला तर काय होईल? लॉनवर पोरं खेळत असतात हो. वर सीटखालचा सेफ्टी स्विच वायर मारून डायरेक्ट केलेला, म्हणजे ब्लेड चालू असताना माणूस सीटवरनं उठला तर इंजिन बंद पडायला पाहिजे ते पडतच नव्हतं. पैशाची फसवणूक एक वेळ सोडा, हे जिवाशी खेळणं आहे आणि मला राग याचा आहे.

तर बघायला जाल तेव्हा डेक लावलेलाच बघा, आणि नुसतं इंजिन ऐकू नका, समोर गवत कापून दाखवायला लावा, चांगलं पंधरा-वीस मिनिटं, कारण बेल्ट गरम झाल्यावरच खरं काय ते कळतं. डेक एकदम खाली आणि एकदम वर, दोन्हीकडं बेल्ट जागेवर राहतो का, चाकाला काही घासतं का. ट्रॅक्टरचा मॉडेल नंबर आणि डेकचा नंबर दोन्हीचे फोटो घ्या, कंपनी तीच आणि डेकची रुंदी तीच ४२ इंच म्हणजे बसणारच असं अजिबात नाही, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलला लटकवायचे कान, रॉड, पुलीची उंची सगळं वेगळं असतं. नंबरची पट्टी नसेल तर तिथंच उठा. मशीन बंद करून, प्लगची वायर काढून, जाड हातमोजे घालून ब्लेड हातानं फिरवा, खरखर आली किंवा वरखाली हलला तर बेअरिंग गेलंय, ते एवढं महाग नाही, बऱ्याच डेकमध्ये ६२०३ किंवा ६२०४ नंबरचं असतं आणि ते आपल्याकडं कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. पण डेकचा पत्रा वाकलेला असला तर सोडून द्या. चारी चाकात हवा नीट करून सपाट फरशीवर मोजा, डाव्या-उजव्या ब्लेडच्या टोकात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडीशी खाली पाहिजे, ५-६ मिलिमीटर धरा. ॲडजस्टिंगच्या नटानं एवढं जमत नसेल तर पत्रा तरी वाकलाय नाहीतर डेक तरी दुसऱ्याचा आहे. पिठाच्या गिरणीचा साधा पट्टा टाकून देतात त्यालाही हो म्हणू नका, बेल्ट ताणून धरणारी आयडलर पुली मागच्या बाजूनं दाबते तिथं तो फार टिकत नाही.

पैसे परत मागितले तर डीलर म्हणतो तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून गप्प बसू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण ग्राहकच धरले जातो. आणि तो कुठल्याही गावचा असू दे, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्याच्या गावाला हेलपाटे मारायची गरज नाही. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षाच्या आत करायची. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन करून तक्रार नोंदवली तरी चालतं. मी नोंदवलीय, आणि आता सोलापूरच्या जिल्हा आयोगात टाकायची तयारी चाललीय, अण्णांनी लेथच्या बिलावरच लिहून दिलंय की डेक या मशीनचा नाही.

पंढरपूरकडच्या एकाशी बोलणं झालं, त्याच्या डेकचे कान पण असेच कापून लावलेले निघाले. तुमच्याकडं असं मशीन आलं असेल तर ब्रॅकेटजवळचा रंग जरा खरवडून बघा, आणि काही निघालं तर दुरुस्तीला टाकायच्या आधी मोजपट्टी धरून फोटो काढा, व्हिडिओ काढा. एकदा नवीन वेल्डिंग मारलं की पुरावा गेला.